रविवारचा फोन

ग्रोनिंगेन,
९ ऑक्टोबर १९९४

लाडक्या टूरीस,

तू, हानुस आणि छोटी सिसाल खुशाल असाल. आईचा गुडघा कसा आहे? तुझं पार्सल मिळालं. वाळवलेल्या मटणाचा वास खोक्याबाहेरूनच येत होता, म्हणून आमच्या मजल्यावरच्या मुलींनी ते गॅलरीत ठेवायला लावलं. रुबार्बचा मुरांबा मात्र त्यांनीच निम्मा फस्त केला.

रविवारी फोन केला नाही म्हणून तू रागावली आहेस. त्याच्या आधीच्या रविवारीही केला नव्हता, हेही तू लक्षात ठेवलं आहेस. अगं, इथला फोन जिन्यात आहे. मुली वरखाली करत असतात, मागे रांग लागलेली असते, मनासारखं बोलताच येत नाही. शिवाय तूच म्हणायचीस ना, बाइन्टा तोंडाने कमी आणि कागदावर जास्त बोलते. तर आता तसंच करू या. फोनऐवजी लांबलचक पत्र. चालेल ना?

अभ्यास ठीक चालला आहे. हानुस विचारत होता, "भाषाशास्त्र शिकून मेव्हणीला भाषा तरी किती येणार?" त्याला सांग, नवी एकही नाही. जी येते तिचीच चिरफाड करायची. माझा प्रबंध आपल्या बेटांवरच्या फेरोई भाषेतल्या एका श्वासावर आहे. कुणाचे आभार मानताना आपण 'टाक्क' म्हणतो, त्यातल्या 'क्क'च्या आधी किंचित श्वास सुटतो. काचेवर वाफ धरावी इतकाच. म्हणणाऱ्याला कळतही नाही. इथल्या डच लोकांच्या बोलण्यात तो नाही. उन्हाळ्यात गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करून मी ज्या टेपा भरून आणल्या, त्यांत हा श्वास कुठे आहे, कुठे नाही, ते ऐकून टिपायचं. माझ्या मार्गदर्शक डायकेमा बाई म्हणतात, "तुझं बरं आहे. आम्हाला कान तयार करावा लागतो, तू तो घरून घेऊन आलीस."

कोपर खरचटलंय, पण काळजी करू नकोस. मागून येणाऱ्या सायकलला मी वाट दिली नाही, दोघंही आडवे झालो. तो माणूस बराच वेळ हातवारे करून बोलत होता. चूक माझीच होती.

आणि हानुसला सांग, आईशी ओरडून बोलत जाऊ नकोस. ओरडल्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

सिसालला पापा.

तुझी
बाइन्टा


ग्रोनिंगेन,
२२ जानेवारी १९९५

प्रिय टूरी,

तुझं पत्र आलं. खरं तर पत्र कसलं, खरडपट्टीच. नाताळला आले नाही, आईने माझ्यासाठी पान मांडून ठेवलं होतं आणि ते तसंच उचलावं लागलं. हे तू तीन ठिकाणी लिहिलं आहेस. मी काय उत्तर देऊ? काम होतं, असं लिहिलं होतं. काम होतंच.

तू विचारतेस, कुणी मुलगा आहे का, म्हणून घर नकोसं झालंय का. मुलगा आहे, पण तसा नाही. विबे त्याचं नाव. इथून उत्तरेकडच्या एका गावात त्याच्या बापाच्या गाई आहेत. माझ्याच वर्गात आहे. रोज एकच स्वेटर घालतो आणि हळू, तोंड उघडून बोलतो, म्हणून मला तो बरा वाटतो. झालं तुझं समाधान?

एक गोष्ट सांगायची आहे. डायकेमा बाईंच्या खोलीत दर मंगळवारी आम्ही सहा-सातजण बसतो, एकमेकांचं काम ऐकतो. या मंगळवारी माझी पाळी होती. बाईंनी माझ्याच टेपांमधली एक काढली, गावातल्या एका बाईची. त्यातले तीन शब्द लावले आणि म्हणाल्या, "बाइन्टा, यातल्या कोणत्या शब्दात तुझा तो श्वास आहे?"

मी म्हटलं, "हा तर एकच शब्द आहे, तीनदा म्हटलेला."

विबे म्हणाला, "नाही गं, तीन वेगळे आहेत. मला तुमची भाषा येत नाही, तरी कळतंय."

"तुला येत नाही, म्हणूनच तसं वाटतंय," मी म्हटलं.

बाईंनी पुन्हा लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावलं. 'आ' आला, 'आ' आला, 'आ' आला. तिन्ही वेळा एकच. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी म्हणाले, "या बाईचे उच्चारच धड नाहीत. ती बहिरी आहे. ही टेप वापरू नये."

बाई म्हणाल्या, "असं होय. मग ही बाजूला ठेवू." पण टेप काढताना त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

मला बरं वाटेना, म्हणून मी उठून आले. बस, एवढंच झालं. का लिहिलं कोण जाणे. तू घरची बातमी कळव. हानुसला काम मिळालं का? मासळीचा कारखाना पुन्हा सुरू होणार म्हणत होते, त्याचं काय झालं?

बाइन्टा


ग्रोनिंगेन,
१२ मार्च १९९५

टूरी,

हे पत्र एकटी असताना वाच. आईला दाखवू नकोस, निदान आज तरी.

तुझं मागचं पत्र मी खिशात घालून फिरते आहे. त्यात तू हानुसच्या कामाबद्दल लिहिलंस, छपराबद्दल लिहिलंस आणि शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंस की सिसाल फार हट्टी झाली आहे. तीन वर्षांची झाली तरी धड बोलत नाही, हाक मारली तर मुद्दाम वळत नाही. आणि परवा हानुसने तिला चापट मारली. ती चापट नसती तर मी आणखीही गप्प राहिले असते. मला गप्प राहण्याची सवय झाली आहे.

मला ऐकू येत नाही, टूरी.

अगदीच येत नाही असं नाही. गाडीचा आवाज येतो, दार आपटलेलं कळतं. माणसांचं बोलणंही येतं, पण त्यातली हाडं काढून घेतल्यासारखं. स, फ, ट, क गळून पडतात, आ, ई, ओ तेवढे उरतात. समोरच्याच्या ओठांवरून मी बाकीचं जुळवते. फोनमध्ये ओठ नसतात. म्हणून रविवारचा फोन बंद झाला. रांग वगैरे काही नव्हती. शेवटच्या फोनवर तू काहीतरी विचारत होतीस आणि मी "हो, हो" म्हणत होते. मग तू एकदम गप्प झालीस. तू काय विचारलं होतंस ते मला अजून माहीत नाही.

ज्या श्वासावर मी प्रबंध लिहिते आहे, तोच सगळ्यात आधी गेला. उन्हाळ्यानंतर मला तो एकदाही ऐकू आलेला नाही. संगणकावर आवाजाचं चित्र उमटतं, त्यावर बोट ठेवून मी "इथे आहे, इथे नाही" असं लिहीत गेले. बाई पानं वाचून "छान" म्हणायच्या.

नोव्हेंबरात डॉक्टरकडे गेले. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाब म्हणाले. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत बसले. किती वेळ काहीच आलं नाही, तरी काचेपलीकडची बाई काहीतरी लिहीत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"आईला आहे. पण ते कारखान्यातल्या यंत्रांमुळे. ती वीस वर्षं तिथे मासळी कापायची."

ते म्हणाले, "तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाकीच्या बायकाही बहिऱ्या झाल्या का?"

मी तिथे बसून एकेकीचा चेहरा आठवला. मार्यून, कात्रिन, शेजारची मोठी सना. अजून कुजबुज करतात, अजून भिंतीपलीकडचं भांडण ऐकतात. एकीलाही काही झालेलं नाही.

हे रक्तातून येतं, टूरी. सगळ्यांनाच येतं असं नाही. तुला आलं नाही, पण ज्याला आलं नाही त्याच्या मुलांतही ते उतरू शकतं. मला आलं, हळूहळू, आईसारखं. काही घरांत ते लहानपणीच दिसतं, असं ते म्हणाले. बरं होत नाही. यंत्र लावलं तर काही काळ निभावतं. मी ते घेतलं आहे, केसांखाली लपवते. त्याने आवाज मोठा होतो, पण जे गेलंय ते परत येत नाही.

त्या मंगळवारची गोष्ट मी तुला अर्धी लिहिली. टेपवरची ती बाई आपली आई होती. आईने तीन शब्द नीट म्हटले होते. मी शिकवलं तसे, स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून, हात अ‍ॅप्रनला पुसून. सहा लोकांसमोर मी म्हटलं की हिचे उच्चार धड नाहीत. आईच्या आवाजात सगळं होतं. माझ्यातच काही नव्हतं.

आता सिसालबद्दल. चार महिने मला हेच लिहायचं होतं आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी लिहीत राहिले. नाताळला आले नाही, कारण तिला बघितलं असतं तर मला लगेच कळलं असतं, आणि मग तुझ्या तोंडाकडे बघून सांगावं लागलं असतं. तिचं नाव माझ्या कानाने ऐकून बघ. 'सि'मधला स जातो, 'सा'मधला स जातो, मग काय राहतं? वाऱ्यासारखं काहीतरी. त्याला ती काय म्हणून वळेल?

तू तिच्या मागे उभी राहा. पाय आपटू नकोस, तिच्यावर सावली पडू देऊ नकोस. नेहमीच्या आवाजात हाक मार. वळली तर मला वाटेल त्या शिव्या घाल, मी आनंदाने वाचेन. नाही वळली तर हानुसला सांग की तिला पुन्हा हात लावायचा नाही.

बाइन्टा


ग्रोनिंगेन,
२ एप्रिल १९९५

प्रिय टूरी,

तुझा फोन आला तेव्हा मी खोलीत होते. विबे खाली आला होता, त्याने तो घेतला. आपण शाळेत शिकलो ती डॅनिश त्यालाही मोडकीतोडकी येते, तीही आनंदच, पण तुला कळलं असं दिसतं. तो जिना चढून आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि हळू म्हणाला, "तुझी बहीण आहे. ती म्हणते, वळली नाही."

मी खाली जाऊन रिसीव्हर कानाला लावला. तू काय बोललीस ते मला कळलं नाही. रडण्यात मात्र स्वरच असतात. ते सगळे ऐकू आले.

मागोमाग तुझं पत्रही आलं. हानुस तासन्‌तास तिच्यासमोर जमिनीवर बसून राहतो, म्हणतेस ते वाचून मला त्याचा राग उरला नाही. पण त्याला सांग, नुसतं बसू नकोस, बोल. उजेड तोंडावर येईल असा बस. मिशी काप. खाता खाता बोलू नकोस. एक वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा पुन्हा म्हणू नकोस, वेगळ्या शब्दांत सांग. आणि तिला कळलं नाही म्हणून "जाऊ दे, काही नाही" असं कधीच म्हणायचं नाही. आईला आपण आयुष्यभर तेच म्हणत आलो. चहाच्या वेळी सगळे हसले की ती मागाहून हसायची, आणि लोक तिला मानी म्हणायचे.

आईला तू सांगितलंस ते बरं केलंस. माझ्याने झालं नसतं. ती जेवत नाही, सिसालला जवळ घेत नाही, "माझ्याकडूनच गेलं" म्हणत बसते, असं तू लिहितेस. तिला काय लिहू ते मला सुचत नाही. तिचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण डॉक्टरांकडून परत येताना मी तिच्यावर रागावले होते, टूरी, कालव्याच्या काठाने चालता चालता मोठ्याने तिला बोलत होते. हे तिला सांगू नकोस. राग आता गेलाय, असं मी म्हणणार नाही. कमी झालाय.

डायकेमा बाईंना सगळं सांगितलं, चित्रं बघून लिहिलेली पानंही दाखवली. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. म्हणाल्या, "जुन्या हस्तलिखितांवर काम कर. कागदाला कान लागत नाहीत." त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या. टेपा मी त्यांच्याकडे दिल्या. विबे त्या ऐकणार आहे. गावातल्या सगळ्यांचे आवाज त्याच्याकडे राहतील, आईचाही. मी परत इथे येईन की नाही ते ठरलेलं नाही. दुसरं काही मला येत नाही, हे मात्र खरं. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा घड्याळ कानाला लावून बघते. एक दिवस तेही बंद होईल, आणि घड्याळ बंद पडलं की मी, ते मला कळणार नाही.

तोर्शहाव्नच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांची वेळ मिळाली, हे चांगलं झालं. सिसालला काचेच्या खोलीत एकटी बसवू देऊ नकोस. मी तिच्याबरोबर आत बसेन. तिथे कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, तुम्हाला कुणाला नाही.

मी येत्या शुक्रवारच्या बोटीने पोचते. धक्क्यावर वारा असेल, बोटीचं इंजिन चालू असेल. तू मला हाका मारू नकोस. समोर येऊन उभी राहा.

अजून थोडं ऐकू येतंय तोवर तुझ्याकडे निघालेली,
बाइन्टा