पिशवी की नळी

टुटलिंगन,
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय रोझविता,

सात वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही करून पाठवणाऱ्या भावाचं एवढं जाड पाकीट पाहून तू आधी खुर्चीत बसली असशील. बसूनच वाच. कुणी गेलेलं नाही. मी ठीक आहे, नदी उन्हाळ्यात आटली होती ती आता वाहतेय, आणि तिकडे फ्लेन्सबुर्गला वारा नेहमीसारखा कान उपटत असणार.

एका गोष्टीत तुझा सल्ला हवा होता. डॉक्टरांनी पायांच्या पेटक्यांसाठी मला गांजा लिहून दिलाय. हो, गांजाच, आणि तोही चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून. बाबा असते तर त्यांनी डॉक्टरांनाच पोलिसात दिलं असतं. तो ओढायचा नाही, त्याचा वाफारा घ्यायचा. त्यासाठी टेबलावर ठेवायची यंत्रं मिळतात. फुलं जळत नाहीत, गरम हवेने त्यातलं औषध तेवढं बाहेर येतं. दुकानातल्या बाईंनी मला दोन तऱ्हांची यंत्रं आठवडा-आठवडा वापरायला दिली आणि म्हणाल्या, "मोझरसाहेब, घाई नको. तुमच्या शरीराला विचारा."

पहिलं नळीवालं. लाकडी खोकं, पुढे तापलेला भाग, त्यावर हाताने धरायची काचेची दांडी आणि तिला लांब रबरी नळी. आवाज अजिबात नाही. दांडीचा सांधा इतका सुरेख घासलेला की चाळीस वर्षं कारखान्यात शस्त्रक्रियेचे चिमटे घासलेल्या माझ्यासारख्या माणसाने टोपी काढावी. श्वास मात्र आपणच ओढायचा, सावकाश, एकसारखा, हात न हलवता. दुसरं पिशवीवालं. त्यात पंखा आहे, तो केस वाळवायच्या यंत्रासारखा घरघरतो आणि वाफेने एक मोठी पारदर्शक पिशवी फुगवतो. मग ती पिशवी काढून पलंगावर पडल्या पडल्या ओढायची. वाढदिवसाचा फुगा घेऊन झोपलेला म्हातारा कसा दिसेल, तू कल्पना कर. मी दुकानातच नळीवर बोट ठेवलं होतं. ते एकट्याने चालवता येतं, हे खरं कारण.

आता उरलेलं सांगतो. पेटके फक्त पायांत आहेत असं मी वर भासवलं, ते खरं नाही. वर्षभरापासून डावा हातही भरवशाचा नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले, एकट्याने जमत नसेल तर शुश्रूषागृहात नाव घालून ठेवा. मी म्हणालो, जमतं. जिना झाडायची पाळी आली की मी बसून एकेक पायरी खाली उतरत झाडतो आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत, पुढच्या आठवड्याची पाळी त्यांची म्हणून, पाळीची पाटी समोरच्या हेबर्लेबाईंच्या दारावर लावतो. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. त्याच जोरावर मी जमतं म्हणत होतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी जेवण झाल्यावर, मसूर आणि श्पेट्सलच्या शेवया, मी नळी घेऊन बसलो. श्वास अर्ध्यावर असताना पायात पेटका आला, पाय नळीत अडकला आणि यंत्र, दांडी, खुर्ची आणि मी, सगळे एकदम खाली आलो. काच फुटली. उठता येईना. फोन आतल्या खोलीत. दुपारी एक ते संध्याकाळी सात मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर होतो. रोझविता, मी घाबरलो होतो. खूप घाबरलो होतो.

सातला किल्ली फिरल्याचा आवाज आला. हेबर्लेबाई दारात उभ्या.

"मोझर, पाटी कुठंय?"

मग त्यांनी मला पाहिलं. "मी तुमच्यावर ओरडायला आले होते," त्या म्हणाल्या. "ते आता उद्या."

ब्याऐंशी वर्षांची बाई, पूर्वीची व्यायामशिक्षिका. "पाठ माझ्याकडे. गुडघा वर. रडायचं नंतर," असं म्हणत तिने मला खुर्चीवर बसवलं. माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे कशी, असं मी विचारलं.

"तुमच्या बहिणीने दिली. बॅग घेऊन जिना उतरत होती तेव्हा. डोळे लाल होते तिचे. म्हणाली, 'हा कधी कुणाला हाक मारणार नाही. पण याची पाटी एक तास जरी चुकली तरी दार उघडा.'"

त्या दिवशी तुझी बॅग मीच जिन्यावर ठेवली होती. होल्गर वारून तू विधवा झालीस त्याला दोनच महिने झाले होते आणि मी म्हणालो होतो, "तुझ्या घरी आता करायला कुणी उरलं नाही म्हणून तू माझ्याकडे आलीस." ते वाक्य सात वर्षं माझ्या तोंडात कडू आहे. माझी चूक झाली. एवढं ऐकूनही तू माझी काळजी घेऊन मगच निघालीस. आज मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे. तुझे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही, नुसते मानू शकतो, ते मनापासून मानतोय.

तर पिशवीच घेतोय. पिशवी यंत्रावर बसवणं माझ्या बोटांना जमत नाही. हेबर्लेबाई रोज संध्याकाळी येऊन भरतात, ओल्या गवताचा वास येतो म्हणून नाक मुरडतात आणि माझे श्वास मोजतात. "सावकाश. ही शर्यत नाही." दहा मिनिटांत पाय सैल पडतात. परवा मी सलग पाच तास झोपलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. पण नोव्हेंबरअखेर हेबर्लेबाई आपल्या मुलीकडे उल्मला राहायला जाणार आहेत.

यंत्राचा खर्च विमा देतो, त्याच्या अर्जावर दोन प्रश्न आहेत. यंत्र कोणतं, आणि ते भरून द्यायला सोबत कोण. दुसरा रकाना कोरा सोडला तर मला शुश्रूषागृहात जावं लागेल, हे दुकानातल्या बाईंनी न बोलता सांगितलं. सल्ला हवा असं वर म्हटलं खरं, पण अर्ज आज सकाळीच भरून ठेवला. दुसऱ्या रकान्यात तुझं नाव लिहिलंय, तुला न विचारता.

खोडायचं असेल तर पत्राने कळवू नकोस. स्वतः येऊन खोड.

तुझी वाट पाहणारा,
एकार्ट