ओवाळणीतला सातबारा

सांगवी, ता. बारामती
दि. २८ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप अक्का हिस,
जोतीरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. वीस नोव्हेंबरला बारामतीत आपल्या लोकसमाजवादी पक्षाचे जिल्हा अधिवेशन आहे. आमचा पक्ष एका जीपमध्ये मावतो असे तू म्हणतेस, पण त्या जीपलाही ठराव लागतात. ठराव क्रमांक चार माझ्याकडे आला आहे : खासगी तुरुंगांना विरोध. हसू नकोस. इंग्लंड-अमेरिकेत आता कंपन्या तुरुंग चालवतात. जितकी डोकी आत, तितकी कमाई; माणूस सुटला की कंपनीचा तोटा. पुण्यातल्या कुठल्याशा परिसंवादात एक शहाणा म्हणाला, आपल्याकडचे तुरुंगही ठेक्याने द्यावेत. ते वाचल्यापासून मला चैन नाही. दोनदा मसुदा लिहून फाडला. त्यात अनुमोदकही मिळेना. ज्याला विचारावे तो म्हणतो, तात्या, उसाच्या भावावर बोला की.

तुझ्या रविराजची काळजी करू नकोस. पाटाच्या पाण्यासाठी आपण रास्ता रोको केला त्याला दहा दिवस झाले. एसटीची काच कुणी फोडली देव जाणे; आपला पोरगा झेंडा घेऊन पुढे होता, म्हणून पोलिसांना सापडला. कोर्टाने जामीन मंजूर केला तरी तो घेत नाही. सत्याग्रही जामीन घेत नसतो, ही आमची जुनी रीत त्याने पाळली. माझी छाती फुगली बघ. तिसऱ्या मसुद्याची एक प्रत त्यालाही तुरुंगात धाडली आहे.

भाऊबीजेला यायचे जमेलसे दिसत नाही. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
जोतीराम

कळंब, ता. इंदापूर
दि. १ नोव्हेंबर १९९४

चि. जोतीराम यास,
अ. उ. आ.

तुझी छाती फुगली, माझी धडधडते आहे. रस्त्यावर अकरा जण धरले. तू कर्ण्यावरून सांगितलेस, जामीन घ्यायचा नाही. दहा जणांनी या कानाने ऐकले, त्या कानाने सोडले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. आता करंज्या खात बसलेत. तुझे ऐकले ते एकट्या तुझ्या भाच्याने. आणि सांगणारा कुठे होता? पोलीस आले तेव्हा तू पाटबंधारे कचेरीत निवेदन देत होतास. हे मी गावात कुणापाशी बोलले नाही, पण तुझ्यापाशी बोलणार.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी तुझी गत. जो तुरुंग अजून कुणी बांधला नाही त्याच्यासाठी तुला चैन नाही, आणि जो बांधून उभा आहे त्यात माझे लेकरू आहे, तर तुझी छाती फुगते!

एकवीस तारखेला पुण्यात त्याची कृषी सहायकाची मुलाखत आहे. वयाची मर्यादा मार्चला संपते, म्हणजे ही शेवटचीच. ही हुकली तर शिकल्याचे सगळे मातीत. वकील म्हणतात, सातबारा असलेला एक जामीनदार हवा. तुझे दाजी असते तर मी तुझ्या दाराशी आले नसते. यंदा मला साडी नको की चोळी नको. तुझा सातबारा घाल ओवाळणीत.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझी अक्का,
दगडाबाई

तालुक्याची सबजेल
दि. ५ नोव्हेंबर १९९४

ती. मामांस,
रविराजचा शि. सा. नमस्कार.

आज भाऊबीज. इथे ओवाळायला कुणी नाही, म्हणून तुमचा ठराव खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांना आवडला. फक्त गेणबाने कंपनीच्या कमाईची ओळ पुन्हा वाचायला लावली. हा दगडफोड्या माणूस. विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ आहे. जामीन पहिल्याच महिन्यात मंजूर झाला, पण त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वावभर जमीन नाही. जामीनदार मिळेना, म्हणून नऊ महिने आत आहे. मग त्याने विचारले की, कंपनीला डोक्यामागं पैसा मिळतो म्हणून ती सोडत न्हाय, तर मग मला हितं कोण धरून ठेवतंय, माझ्यापासून कुणाला काय मिळतंय?

मामा, उत्तरासाठी तुमचा ठराव पुन्हा वाचून काढला. त्यात सापडले नाही.

आईला सांगा, अंग बरे आहे. मुलाखतीची आठवण मलाही होते, रोज होते.

आपला,
रविराज

सांगवी
दि. ११ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र लिहायला हात धजत नाही. काल सातबारा घेऊन कोर्टात गेलो. रविराजला भेटून सांगितले की माझा शब्द मी मागे घेतो, तू चल. तो म्हणाला, तुमचा शब्द तुम्ही घ्या, माझा माझ्यापाशी आहे. पण आणलेला सातबारा रिकामा परत नेऊ नका, तो गेणबासाठी द्या. गेणबा म्हणजे त्याच्या खोलीतला दगडफोड्या; जमीनवाला जामीनदार मिळेना म्हणून नऊ महिने आत आहे.

अक्का, एका सातबाऱ्यावर एकच माणूस सुटतो. कोर्ट त्यावर तशी नोंद करते, पुन्हा तो चालत नाही. मी तासभर कोर्टाबाहेरच्या पिंपळाखाली बसलो. तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मग गेणबासाठी सही केली. सोळा तारखेला त्याची तारीख आहे. तो पळाला तर माझ्या रानावर येईल. घरात अजून सांगितलेले नाही.

तुझी ओवाळणी मी दुसऱ्याच्या ताटात टाकली. ठराव पुन्हा फाडला. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

अपराधी,
जोतीराम

कळंब
दि. १७ नोव्हेंबर १९९४

चि. जोतीराम यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. तुला नाही नाही ते बोलले, भिंतींनी ऐकले. मग दाजींची ट्रंक काढली, रोख जामिनासाठी विकायला काही सापडते का बघायला. तळाला सातबारा होता. ते गेल्यावर तलाठ्याने वारस लावले, तेव्हा मीच तिथे ठेवला असणार. पाऊण एकर, नाव दगडाबाई. पाच वर्षे मी त्याच नावाने पाणीपट्टी भरते, आणि जामिनासाठी तुझ्या दाराकडे बघत बसले होते! रडू आले आणि स्वतःचा रागही आला.

ताजा उतारा घेऊन काल कोर्टात गेले. कारकून म्हणाला, बाई, घरातला कुणी बाप्या आणा. मी नावावर बोट ठेवले आणि म्हटले, ही बाई मीच हाय. वकिलांनी सांगितले, कायद्याची आडकाठी नाही. रविराज आतून नको म्हणत होता. त्याला निरोप धाडला की तुझा सत्याग्रह सरकारशी, मी काय सरकार न्हाय. मुकाट बाहेर आला. वाळलाय फार. सोमवारी पुण्याला जाईल.

आता तुझे रान. मी सकाळी सातला पोचले तेव्हा कोर्टाच्या पायरीवर एक माणूस धुतलेला सदरा घालून बसला होता. कोर्ट अकराला उघडते असे मी म्हटले, तर म्हणाला, ठावं हाय, पण तात्यांची जमीन अडकलीय माझ्यापायी, उशीर नको. तो गेणबा. माझ्याकडच्या दोन भाकऱ्यांतली एक त्याला दिली.

तुझ्या ठरावाला अनुमोदक मिळत नाही ना? माझे नाव लिही, रविवारी बारामतीला येते. कंपनीला विरोध कर, जोरात कर. पण खाली एक ओळ घाल : ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला आज, ह्याच तुरुंगातून, सोडायचे कसे. ती ओळ नसेल तर मी सगळ्यांदेखत बसून राहीन, हात वर करायची नाही.

ओवाळणी पोचली असे धर. पण तुला ओवाळायचे राहिलेच आहे. निरांजन पिशवीत घालून आणते.

तुझी अक्का,
दगडाबाई