पान एक्केचाळीसवरची मूठ

८ जुलै २०२५, पिंप्राळा

चोरी! दिवसाढवळ्या, माझ्याच सोफ्यावर बसून.

दिपमाला आली होती. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांची माहिती सख्ख्या मावशीला विचारायची सोडून मोबाईलमधल्या त्या एआयला विचारत होती. ‘मावशी, ऐक, किती छान सांगतो!’ ऐकलं. ‘पहिल्या पिठाची मूठ अबोला असलेल्या स्त्रीच्या दारी नेतात, तिने पदर पुढे करणे बंधनकारक असते.’

माझ्या पुस्तकातलं, पान एक्केचाळीस! जिल्हा परिषदेच्या नोकरीत गावोगाव जीपमधून हाडं खिळखिळी करून गोळा केलेलं. एक्क्याण्णव साली छापलं. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ही रीत नाही. पैजेवर सांगते.

९ जुलै

यंत्रालाच विचारलं, कुठून घेतलंस? ‘ही खान्देशातील पारंपरिक प्रथा आहे.’ काय तो साळसूदपणा! कॉन्व्हेंटमध्ये शेजारणीच्या वहीत नुसतं डोकावलं तरी सिस्टर पट्टीनं बोटं फोडायच्या. यांना कुणी सिस्टर भेटलीच नाही.

१२ जुलै

धुळ्याला गेले. हितेंद्र वकील – माझ्या मैत्रिणीचा मुलगा, पण बोलतो माझ्या आजोबांसारखा. ‘अक्का, परदेशात लेखकांनी या कंपन्यांना कोर्टात खेचलंय, आपल्याकडेही खटले आहेत. पण रीत कुणाच्या मालकीची नसते. मालकी तुमच्या शब्दांवर. आणि शब्द त्यानं फिरवलेत.’

‘म्हणजे चोरानं शर्ट उलटा घातला की सुटला?’

हसला. मला हसू आलं नाही. चौतीस वर्षांत त्या पुस्तकाची एकच आवृत्ती निघाली. माझ्या नावावर तेवढंच आहे. तेही आता बिननावाचं होणार.

निघताना म्हणाला, ‘ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून निदान लिहून आणा. तुम्हीच आधी टिपलंत एवढं तरी दिसेल.’

१३ जुलै

जुन्या वह्या काढल्या. सापडलं – सुमनबाई, पारोळ्याजवळचं गाव. असतील का अजून?

१६ जुलै

आहेत! ऐंशीच्या पुढे, दात दोन, जीभ शाबूत. ओट्यावर शेजारी त्यांच्या मोठ्या जाऊबाई, इंदिराबाई, शेंगा फोडत.

मी पान एक्केचाळीस वाचून दाखवलं. दोघी एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या.

‘रीत-बीत काही नई शे, मॅडम! मीच रचेल व्हती!’ सुमनबाई म्हणाल्या.

तीन वर्षं जावांचा अबोला. दोघींनाही माघार नको. तेव्हा माहिती गोळा करायला आलेली मी अंगणात वही उघडून बसले, बायका गोळा झाल्या, इंदिराबाईही होत्या. सुमनबाईंनी तिथल्या तिथे ही रीत रचली आणि मला सांगितली. सरकारी बाई लिहून घेतेय म्हटल्यावर खोटं कोण म्हणणार? त्याच संध्याकाळी त्या मूठभर पीठ घेऊन जावेच्या दारात. इंदिराबाईंनी पदर पुढे केला.

‘आते बठ्ठं गाव करस,’ इंदिराबाई म्हणाल्या. आता म्हणे सगळं गाव करतं!

आणि मी मूर्ख! प्रस्तावनेत ‘शतकानुशतकांची परंपरा’ लिहून बसले.

उठताना सुमनबाईंनी पुस्तकावरून हात फिरवला. ‘मन्हं नाव कोठे शे?’

मी पानं चाळत राहिले. आभाराच्या पानावर जीपचा ड्रायव्हर भिकन आहे – नावानिशी. त्याखाली ‘आणि गावोगावच्या भगिनी’.

‘चष्मा आणला नाही,’ म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

१७ जुलै

हितेंद्र फोनवर उड्या मारतोय. ‘अक्का, केस उभी राहिली! रीत नव्हे, रचना आहे. कल्पना कुणी सुचवली कशाला सांगायचं? तुम्ही रचली म्हणा, सही करा. बाकी मी बघतो.’

रागावले. कुणावर ते नीट कळेना, म्हणून त्याच्यावरच.

१९ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही. दिपमाला म्हणे, ‘मावशी, अजून यंत्राशी भांडतेयस?’ तिलाही बोलले.

२१ जुलै

हितेंद्रचा तक्रारीचा कागद आला. ‘मूळ रचनाकार’च्या रकान्यात सुमनबाईंचं नाव लिहिलं. ‘परवानगी न घेता, नाव न देता वापर करणारे’ – तिथे दोन नावं लिहिली.

पहिलं माझं.