डबा परत पाठवू नका

अमरावती,
रविवार

प्रिय चंदा,

तुझ्या मैत्रिणीच्या, लुबनाच्या हाती पाठवलेला माचाचा डबा काल पोचला. झाकणावर चिकटवलेली तुझी चिठ्ठीही पोचली. "आई, हा डबा परत पाठवू नका." बस्स, एवढंच. तब्येतीची चौकशी नाही, बाबांना नमस्कार नाही. बँकेत असताना मी भल्याभल्यांचे अर्ज नामंजूर केले, पण इतकं कोरडं एकालाही लिहिलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवा. मी माचाचा धरला. गिळल्यावरही राग होताच.

परत पाठवू नका म्हणजे काय गं? आलेलं भांडं आपण रिकामं परत देत नाही आणि दुसऱ्याचं भांडं दाबूनही ठेवत नाही. अकोल्याहून तुझा डबा माचा घेऊन येतो, इथून काहीतरी खायचं घेऊन जातो. कोर्टाचा कागद झाला त्या महिन्यातही त्याची फेरी चुकली नाही. आमचा शिवम आता तुझा नवरा नाही, हे मला समजतं. पण मी तुझी कोण, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं. म्हणून ते मी डब्यावरूनच ठरवत आले.

तुला तो पहिला दिवस आठवतो? डॉक्टरांनी माझी साखर आणि दुधाचा चहा एका दमात बंद केला होता आणि तू हा माचा, म्हणजे ते जपानी चहाचं हिरवं पीठ, घेऊन आलीस. कसं करायचं ते संध्याकाळी दाखवते म्हणून कामावर गेलीस. संध्याकाळपर्यंत कोण थांबतं? मी ते सवयीनं आलं आणि दूध घालून चांगलं रटरटा उकळलं. आपल्याकडे न उकळलेला चहा पाहुण्याला दिला तर तो तीन पिढ्या सांगत फिरतो. पातेल्यात पोलिसाच्या गणवेशाचा रंग उतरला. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "हे काय म्हशीले द्याचं हाय काय?" तू आलीस, पातेलं पाहिलंस आणि ओट्याला टेकून खाली बसलीस ती हसतच राहिलीस. पुढे ह्या घरात तुझं तसं हसणं मी फारसं ऐकलं नाही. तुम्ही दोघंही वाईट नव्हता. पण एकाला खिडकी उघडी लागायची, एकाला बंद, आणि प्रत्येक गोष्टीचं तसंच होतं.

आता मात्र तुझ्यापेक्षा बरा माचा मी करते. आधी मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या दाताखाली येतात. चमचाभर कोमट पाण्यात कालवायचा. मग उकळी येऊन जरा निवलेलं पाणी घालायचं. फार कढत घातलं की कडू होतो आणि आपण जपानला नावं ठेवतो. घुसळायला तू दिलेला बांबूचा कुंचला भांडीवाल्या मैनाबाईनं तारेच्या घासणीनं घासला, त्याचे निम्मे केस गेले. तेव्हापासून मी लहान रवी वापरते. फेस असा येतो की मैनाबाई म्हणाली, "बाई, हे तं ताकच हाय, फक्त रंग चुकला."

दिवाळीत तुझा डबा उशिरा आला, तेव्हा मी बाजारातून एक पाकीट आणलं होतं. हे तुला सांगितलं नव्हतं, तू रागावली असतीस. उघडलं तर रंग पिवळट, वास वाळल्या कडब्याचा. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: पहिली साखर, मग दूध पावडर, मग रंग, आणि सगळ्यांच्या शेवटी, माफी मागायला आल्यासारखा, माचा. तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "काकू, हेच चालून राह्यलं सध्या." रागावले की माझं कॉन्व्हेंट पळून जातं. म्हटलं, "चालत असन, पण मले साखरेचा हिरवा गुलाल नाही पाह्यजे, भाऊ." पैसे परत घेऊनच आले. तू सांगितलेलं तेव्हा नीट पटलं: नुसत्या पाण्यात प्यायचा तो कोवळ्या गवतासारखा हिरवा, थोडा महागाचा, खाण्यात घालायचा तो जरा हलका चालतो.

खाण्यातही माझे हात पोळलेत. शंकरपाळे तळले, तेलात सगळा हिरवेपणा करपला. श्रीखंडात मात्र फक्कड लागतो, मंद आचेवरच्या नानखटाईतही. आणि झाकण नीट न लावता डबा फ्रिजमध्ये लसणाच्या ठेच्याशेजारी ठेवू नये. चार दिवस आम्ही जपानी ठेचा प्यायलो. बाबांना तो आवडला.

शिवमचा फोन आला होता पुण्याहून. "आई, तिच्याकडून वस्तू घेणं आता बरं नाही दिसत." मी म्हटलं, बरं दिसणं तू बघ, मला प्यायचा आहे.

चिठ्ठी वाचल्यावर मी लुबनाला सोडलं नाही. बसवलं, माचा पाजला आणि विचारलं, काय शिजतंय अकोल्यात? बिचारी माहेरी आलेली, माझ्या हाती सापडली. कप खाली ठेवून म्हणाली, "आई, चंदाचं लग्न ठरलं. तुमाले कसं सांगावं, हेच तिले समजून नाही राह्यलं." सुगत नाव आहे म्हणे. नातेवाईक आधी त्याचं आडनाव विचारतील. मी लुबनाला एवढंच विचारलं, तो चंदाला हसवतो का? ती म्हणाली, "लय."

म्हणून हे पत्र. तू संकोचानं बोलावणार नाहीस, तेव्हा मीच कळवते: मी येते आहे. मागच्या लग्नात मी वरमाय होते. रुसायचा हक्क होता आणि मानाची साडी फिकी निघाली म्हणून मी तो वापरलाही. ह्या वेळी मुलीकडच्या बायकांत बसेन आणि पंगतीत वाढेन. बाबाही येतात. त्यांची एकच चौकशी आहे, "तिथं साधा चहा भेटन नं?" डबा नानखटाईनं भरून मी स्वतः आणते. माझ्याशी असलेलं नातं तुला खरंच संपवायचं असेल, तर तो सगळ्यांदेखत रिता करून माझ्या हातात दे. मी मुकाट्यानं घरी घेऊन जाईन. पण रिकामं भांडं परत द्यायला तुझ्या आईनं तुला शिकवलेलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. माचा लग्नापर्यंत पुरला पाहिजे, म्हणून सध्या अर्धाच चमचा घेते आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
आई