कमानपाट्याचा बोल्ट

रवि., ७ डिसें. ५८
नट निघाला, बोल्ट निघेना. दुपारभर गोणपाट घालून मोटारीखाली पडून होतो. मागचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग, तुटलाय. नवा आणून ठेवलाय. पण जुना ज्या बोल्टावर लटकलाय तो नळीत असा बसलाय, जणू तिथेच जन्मला. वाडीत लग्नाचा मांडव पडायचाय, पुढच्या रविवारच्या आत मोटार हलायला हवी. चालत हलली तर माझ्या लेकीची, कमळची, ओढत हलली तर भंगारवाल्याची. अण्णाचं फर्मान. मोटार वडिलांची, म्हणजे निम्मी त्याचीही. डॉक्टर झाली तरी पुतणीने बाळंतपणांसाठी अपरात्री एकटीने मोटार हाकत शीव-प्रभादेवी करावं, हे थोरल्या काकाला पटत नाही. त्यावरून आम्हा भावांचं बोलणं बंद. जिना मात्र एकच.

सोम., ८
रॉकेल संपलं. सौ.ने खोबरेल दिलं. बोल्टावर ओतून ठेवलं.

मंगळ., ९
सकाळी पाहतो तर खोबरेल गोठलेलं, पांढरंशुभ्र. सौ. म्हणाली, "आता त्याची वेणीही घाला."
कमळला विचारलं, गंज लोखंड खातो, मग बोल्ट सैल का होत नाही? म्हणाली, "गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, बाबा. तो फुगून बसलाय."
हे ह्या वयात कळलं. झिजता झिजता फुगायचं! दिवसभर तेच डोक्यात. ह्याला वृत्त कुठलं द्यावं? शिखरिणी फार लांब पडेल, आणि...

बुध., १०
कमळ लवकर आली. तिने पाना धरला, मी पलीकडून हातोडा. जमेना. ती ओढते तेव्हा माझा ठोका, मी थांबतो तेव्हा तीही थांबते. तिची बोटं सोलली.
अण्णा गॅलरीतून: "कमळे, तुझ्या बापाला सांग, ठोका आणि पाना एकदम नको."
मी: "कमळ, तुझ्या काकांना सांग, वरून सगळं सोपं दिसतं."
कमळ: "मी पोस्टमन नाही. तुमचं तुम्ही बोला."
संध्याकाळी अण्णा समितीच्या सभेला निघाला, छातीवर बिल्ला. सौ. पुटपुटली, "अख्खा महाराष्ट्र जोडतील, शेजारच्या खोलीत बोलणार नाहीत."

गुरु., ११
एकटाच मोटारीखाली. ठोके आपोआप भुजंगप्रयातात पडू लागले. एक हलका, दोन जोरात. एक हलका, दोन जोरात. पलीकडे अण्णाच्या वहाणा दिसल्या. कोट काढून मडगार्डवर टाकला, धोतर खोचून खाली बसला, माझ्या हातून हातोडा घेतला. त्यानेही तेच धरलं: हलका, जोर, जोर. शाळेत मास्तर आम्हा दोघांना समोरासमोर उभं करून मनाचे श्लोक म्हणायला लावीत. जो अडखळेल त्याला छडी. मी पाना धरला. लघूवर ओढायचं, गुरूंना थांबायचं. कुणी कुणाला सांगितलं नाही. बराच वेळ काही नाही. मग कर्र झालं, डोळ्यांत तांबडी भुकटी. बोल्ट फिरला. आणखी थोडा. अण्णाने तो ओढून काढला तेव्हा चांगला गरम होता.
मला म्हणाला, "लघू लांबवतोस. अजून."
मग बोल्ट रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला. "नवा ह्याच मापाचा लागेल. नमुना माझ्याजवळ राहू दे."
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

शुक्र., १२
शुक्रवार, नळबाजार बंद. मोटार विटांवर, पाटा सोडलेला. मांडववाल्यांनी बांबू आणून टाकले. कमळ म्हणाली, "नमुना आपण ठेवून घ्यायला हवा होता, बाबा." मी म्हटलं, त्यानेच काढला ना? ती म्हणाली, "काढायला त्यांना आवडलंच. नवा आणतील का, ते मी विचारतेय."

शनि., १३
सकाळी अण्णा कोट घालून बाहेर पडला. वहिनींना विचारलं. "नळबाजारात जातो म्हणाले." आणखी काही म्हणाले का? "नाही. चहा अर्धा टाकून गेले."
नळबाजारात बोल्टांची दुकानं आहेत. आमचा भंगारवालाही त्याच गल्लीत बसतो.
जेवायला आला नाही. तिन्हीसांजेला कमळ नवा पाटा पुसत मोटारीपाशी बसली. मी तिच्या शेजारी. मांडववाला विचारून गेला, गाडी काढताय ना? कमळ म्हणाली, "काका आले की."
दिवे लागले. अण्णा अजून आलेला नाही.