शुक्रवारची कोंबडी

मस्करम २, गुरुवार, १९६७ (इथिओपियन पंचांग)

गेले! महाराजाधिराज गेले — आणि तेही एका छोट्या फोक्सवॅगनमधून! मागे बसायला पुढचं सीट वाकवावं लागलं म्हणे. जन्मभर सगळी अदीस अबाबा ज्यांच्यापुढे वाकली ते आज एका सीटमागे वाकले. गाडीमागे पोरं "चोर! चोर!" ओरडत धावली. काल नव्या वर्षाची पिवळी फुलं दारोदार वाटत राजाला दीर्घायुष्य मागणारी हीच पोरं.

वर्तमानपत्रात इतकी वर्षं मी दरबाराची टिंगल केली — अशी, की दरबाराला ती स्तुती वाटावी. आज धंदाच बुडाला.

रेडिओ सांगतो, रक्ताचा थेंब न सांडता सगळं पार पडलं. राज्य आता लष्कराच्या समितीचं, आणि समितीच्या डोक्यावर एक जनरल. हा जनरल लोकांना आवडतो. शिपायांच्या ताटात हात घालून जेवतो म्हणतात. आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

संध्याकाळी अस्कलेताई गाठोडं घेऊन माझ्याकडे राहायला आली. तिच्या बंगल्याला सील ठोकलंय. दाजी तर पावसाळ्यापासूनच कोठडीत. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि म्हणाली, "जनरल सोडेल ह्यांना. चांगल्या घरचा आहे तो." मग स्वयंपाकघरात डोकावली. "वुब्शेत, अरे तू इतकी वर्षं जगलास तरी कसा?"

मस्करम ५

संपादक झेरीहूनच्या शेजारी एक लेफ्टनंट खुर्ची टाकून बसतो. माझे बूट त्याच्याहून वयाने मोठे असतील. म्हणाला, "विनोद लिहा साहेब, बिनधास्त लिहा. फक्त छापण्याआधी मला समजावून सांगा."

पहिलाच समजावून सांगितला. दोघंही रडायचे बाकी होतो.

मस्करम १२

ताईबरोबर जुन्या राजवाड्याच्या फाटकावर गेलो. कैदी तळघरात ठेवलेत, जिथे दरबाराचं मद्य असायचं तिथे. राजवाड्यात वर चढायला दाजींनी आयुष्य घातलं. अखेर जागा मिळाली ती खाली.

जेवण घरूनच द्यायचं. फाटकाबाहेर बायकांची रांग. कोणी मंत्रीणबाई, कोणी सेनापतीणबाई, प्रत्येकीच्या हातात झाकणाची कातडी टोपली. जिने कधी स्वतःची छत्री धरली नाही ती टोपली छातीशी धरून उभी! टोपल्या घेतो दाम्ते नावाचा कॉर्पोरल. काठीने इंजेऱ्याची भाकर उलटी करून बघतो, आत सुरी लपवलीय का. ताई म्हणाली, "बाबा, भाकर दुखावेल रे." तो हसला. बरा माणूस वाटला.

मागून एक रॉकेलवाला ओरडला, "काय बाईसाहेब, दजाझमाचांना जेवण? त्यांच्या प्रांतात तर म्हणे कोणी उपाशीच नव्हतं!"

"तुझ्या तोंडाला कुलूप पडो!" ताई कडाडली.

परत येताना म्हणाली, "खरं बोलला का रे तो?"

दाजी उत्तरेकडच्या प्रांताचे सुभेदार, दरबारी किताब दजाझमाच. दुष्काळात रस्त्याकडेला माणसं मरून पडत होती आणि राजधानीत दाजी सांगत होते, पीक बरं आहे. मी म्हटलं, "खरं बोलला, ताई."

"तरी जेवायला तर लागणारच ना त्यांना," ती म्हणाली.

पोटाचं मला नको सांगायला. जीभ विकून पोट भरणारा माणूस मी.

मस्करम २०

झेरीहूनच्या खोलीत जनरलचा फोटो लागला. चौकट जुनीच, सम्राटांची. फोटो लहान पडला, म्हणून चारी बाजूंनी महाराजांची पदकं डोकावतायत. मी म्हटलं, "जनरलला एवढी पदकं कधी मिळाली?" झेरीहून दार लावून म्हणाला, "वुब्शेत, तुला पोरंबाळं नाहीत. मला आहेत."

जनरल रेडिओवर बोलला. प्रत्येक कैद्याची चौकशी होईल, कोर्ट बसेल, कायद्यानेच होईल. ताईनं रेडिओला हात लावून तो कपाळाला लावला. दाजी कोर्टात गेले तर शिक्षा होईल — व्हायलाच हवी, मलाही कळतं. पण शिक्षा होते ती जिवंत माणसाला. ताईला तेवढंच हवंय.

तिकिम्त ६, बुधवार

भयंकर दिवस.

टोपली भरलेली परत आली. तुपातलं मटण, इंजेरा, सगळं जसंच्या तसं. आजवर रोज रिकामी यायची. ताई फाटकातच खाली बसली. "गेले! वुब्शेत, गेले रे ते!" दाम्ते कुठे दिसेना. दुसरा शिपाई म्हणाला, मला काही ठाऊक नाही, पुढे व्हा. रात्रभर ताईनं दिवा मालवू दिला नाही.

तिकिम्त ७

हसावं की रडावं!

दाम्ते भेटला. म्हणाला, "बाई, नवा नियम. टोपली आज घ्यायची, तपासायची, आत द्यायची उद्या."

ताईनं मंगळवारी मटण दिलं. ते दाजींच्या पुढ्यात आलं बुधवारी. आणि बुधवार-शुक्रवार दाजी मांस, तूप, दूध, अंडं कशालाही शिवत नाहीत. जग बुडालं तरी नाही. सुभेदारीत लाच खाल्ली असेल, पण बुधवारी लोणी नाही!

म्हणजे टोपली परत आली ती उपासामुळे. म्हणजे माणूस आहे. ताई फाटकावरच नाचायची बाकी राहिली. घरी येऊन मला बदडलं, जणू नियम मीच काढला होता.

तिकिम्त ८

माझ्याच सडक्या डोक्यातून निघालेली कल्पना, लिहून ठेवतो. रिकामी टोपली काहीच सांगत नाही. पिठलं-इंजेरा कोणीही खाईल, शिपाई खातील, उंदीर खातील. पण उपासाच्या दिवशी कोंबडी गेली आणि तशीच परत आली, तर ती नाकारणारा माणूस तिथे आहे. नाकारायला जिवंत असावं लागतं.

ताईनं कानांवर हात ठेवले. "शुक्रवारी कोंबडी? आणि त्या माणसाला? पाप लागेल मला."

"पाप खाणाऱ्याला लागतं. ते खाणार नाहीत."

"तुझी जीभ झडेल एक दिवस."

आमच्या घरच्या पाद्रींना विचारायला गेली. पाद्री बराच वेळ दाढी कुरवाळत बसले म्हणे. मग म्हणाले, "मी ऐकलं नाही असं समज."

तिकिम्त १५, शुक्रवार

परत आली! भरलेली! अंड्यांसकट!

तिकिम्त २५

आता हा सणच झालाय. गुरुवारी ताई सकाळपासून कांदा परतायला बसते, तिखट घालताना पुटपुटते, "ह्यांना राजधानीतलं जेवण कधी झणझणीत लागलंच नाही." शुक्रवारी संध्याकाळी टोपली भरलेली आली की तिचं वय दहा वर्षांनी उतरतं. शनिवारी ती शिळी कोंबडी आम्ही दोघं खातो. माझ्या तोंडात हाताने घास भरवते. म्हणते, "हा त्यांचा."

नवऱ्याने जेवण न जेवल्याचा आनंद साजरा करणारी बायको मी आजवर पाहिली नव्हती. सदरात लिहिण्यासारखं आहे. लेफ्टनंटला समजावून सांगावं लागेल, म्हणून राहिलं.

तिकिम्त २९, शुक्रवार

आज ताईला उगाच उदार वाटलं. परत आलेल्या टोपलीतली एक तंगडी तिने दाम्तेपुढे धरली. "घे बाबा, थंडीत उभा असतोस."

दाम्ते दोन पावलं मागे सरला. "आज शुक्रवार, बाई! आमचं काय, आम्ही काय ख्रिश्चन नाही? इथला एक शिपाई शिवायचा नाही त्याला."

ताई हसली, त्याला आशीर्वाद दिला.

मी नाही हसलो. फाटकापासून घरापर्यंत एकच प्रश्न डोक्यात — मग कोंबडी परत येते ती नक्की कोणाच्या उपासामुळे?

ताईला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

हिदार ३

गावात कुजबूज. समितीतल्या तरुण अधिकाऱ्यांना रक्त हवंय, कोर्ट नको. जनरल म्हणतो, मी सही करणार नाही. झेरीहून म्हणाला, "सही न करणारा माणूस आपल्या देशात किती दिवस टिकतो?" मी म्हटलं, "तू तर सगळ्यावर सही करतोस, तू टिकशील." तो दुखावला. मग दोघांनी कॉफी घेतली. तिसरा पेला त्यानेच मागवला.

हिदार ८

जनरल रुसून घरी बसलाय! कचेरीत जात नाही, फोन घेत नाही म्हणतात. गादीवर बसून महिने किती झाले? दोन-सव्वादोन. आमच्याकडे नवी सूनसुद्धा याहून जास्त दिवस नांदते.

ताईचा संताप अनावर. "रुसायला हीच वेळ सापडली? अरे मेल्या, माझ्या माणसाला बाहेर काढ आणि मग खुशाल रूस जन्मभर!" रेडिओसमोर बोट नाचवून बोलत होती. रेडिओवर लष्करी बँड.

झेरीहूनच्या चौकटीत आता विमान कंपनीचं कॅलेंडर आहे. कडांनी पदकं अजून दिसतात.

हिदार ९

काहीतरी करायला हवं म्हणून लेफ्टनंटला विचारलं. आवाज मऊ केला, खोटं हसलो, दाजींचं नाव सांगितलं. म्हटलं, निदान कोर्टाची तारीख?

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही विनोदी लेखक आहात ना? तेच लिहा."

पोरगं वाईट नव्हतं. माझा विनोद आज त्याने समजावून न घेताच मंजूर केला. त्याने मला बरंच काही सांगितलं, फक्त तोंडाने नाही.

हिदार १२

आज घरोघरी कचरा जाळायचा दिवस. जुन्या साथीत अर्धं शहर मेलं, तेव्हापासूनची रीत. रोगराई धुरात जावी म्हणून. सकाळपासून सगळी अदीस धुरात. खोकत खोकत लोक हसतात, शेजारी शेजाऱ्याचा कचरा बघतो.

यंदा कचऱ्यात सम्राट खूप. कॅलेंडरं, बश्या, चौकटी. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या ढिगात जनरलही दिसला, अर्धा जळालेला. मी म्हटलं, "घाई केलीस. अजून आहे तो." शिंपी म्हणाला, "साहेब, कचरा वर्षातून एकदाच जाळतात. पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबणार?"

माझं न छापलेलं सगळं मीही ढिगावर टाकलं. छान पेटलं. ओळीत दम होता म्हणायचा.

हिदार १३, शुक्रवार

कोंबडी परत आली. ताई खूश. मी खूश असल्यासारखा.

हिदार १४, शनिवार

उद्यापासून ख्रिस्तजन्माचा मोठा उपास. आज मांसाचा शेवटचा दिवस, म्हणून प्रत्येक घरातून कांदा आणि तुपाचा वास. ताईनं दुपारीच फाटकावर टोपली दिली. कोंबडी, अंडी, वर तुपाची धार. उद्या दाजींच्या पुढ्यात जाईल ती, उपासाच्या पहिल्या दिवशी. "बघच तू," म्हणाली, "पहिल्या दिवशी ते पाण्यालासुद्धा दुपारपर्यंत शिवत नाहीत."

दाम्ते आज हसला नाही. टोपली काठीने तपासलीही नाही. नुसती घेतली.

आम्ही जेवायला बसलो आणि जनरलच्या घराच्या बाजूने आवाज सुरू झाले. आधी बंदुका, मग जड काहीतरी. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ताईच्या हातातला घास माझ्या तोंडापाशी तसाच थांबला.

"फटाके असतील," मी म्हटलं.

"कसले?"

सुचलं नाही. मला — सुचलं नाही! ताईनं घास ताटात ठेवला. थोड्या वेळाने आवाज थांबले. मग वाटलं, चालू होते तेच बरं होतं.

हिदार १५, रविवार

सकाळी ताई चर्चला गेली. रेडिओने रात्री मारल्या गेलेल्यांची नावं वाचली. जनरलचं वाचलं. दाजींचं मधेच कुठेतरी, घाईत, चुकीच्या उच्चारात. रेडिओच्या बॅटऱ्या काढून खिशात घातल्या. चर्चच्या दारातून ताईला घेऊन आलो, घरी बसवलं, डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं. संध्याकाळी फाटकावर एकटाच गेलो. बाकीच्या बायका जमिनीवर लोळत होत्या. दाम्तेने मान खाली घालून टोपली दिली. जड होती. वाटेत गटारात रिकामी करावी असं वाटलं. नाही झालं.

ताईनं झाकण उघडलं. सगळं तसंच, वरचं तूपसुद्धा. टोपलीला मिठी मारून हसली. "शिवले नाहीत रे! बघ, शिवले नाहीत! उद्या पिठलं देऊ."

मी म्हटलं, "तिखट जरा जास्त घाल, ताई."