अंगठा चालणार नाही

ता. ४ मार्च

चि. खारूताईस आजीचे भरघोस आशीर्वाद,

बोलते आहे मी, लिहिते आहे शेजारची टायपिस्टबाई. मजकूर वाकडा वाटला तर माझा, शुद्धलेखन चुकलं तर तिचं. (हे लिहिताना तिने नाक मुरडलंय.)

कोपऱ्यावरच्या राखाडी इमारतीतल्या कंपनीने माझ्याकडून चाळीस खुर्च्यांच्या खोळी शिवून घेतल्या. चाळीस खुर्च्या, पण आत-बाहेर करणारं माणूस मी एकही पाहिलं नाही. दाराशी पेटी आहे, तीत माल टाकायचा. पैशांची त्यांची तऱ्हाच न्यारी. रोख नको, चेक नको. छापील कागद येतो, त्यावर सही करून पेटीत टाकला की पैसे बँकेत जमा. मी आपला अंगठा उठवला. बँकेला चालतो, यांना का नाही? तर कागद परत आला. अंगठ्याच्या जागी गोल भोक. कात्रीचं नव्हे, जिभेने चाटून नेल्यासारखं. वर लिहिलंय म्हणे, अंगठा चालणार नाही. मग नेला कशाला मेल्यांनी?

वेळेवर जेवत जा. माझ्यावरची माया उतू गेली तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी आजी
(अंगठा आणि शेळी खाली आहेत.)

ता. १० मार्च

ती. आजीस सा. न.,

पत्र वाचून हसत होते, भोकापाशी आले आणि हसू थांबलं. आजी, ते गिऱ्हाईक सोड. रोख देत असाल तरच शिवेन, असं स्पष्ट सांग.

तुला सही येत नाही हे मला कोणी सांगायला हवं का? लहानपणी मी तुला पाटीवर ‘अ’ गिरवायला बसवलं, तर तू शेळी काढलीस आणि म्हणालीस, ही निदान दूध तरी देते. तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली अंगठा आणि शेळी. या वेळी शेळी होती, पण अंगठ्याच्या जागी नुसता निळा ठिपका. एकही रेघ नाही. शाई जास्त झाली होती ना? तेवढं कळव. नाहीतर येता सोडून त्यापुढच्या रविवारी मी येऊन बघते.

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
खारूताई

ता. १६ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद,

शाई बेताचीच होती गं. अंगठाच गुळगुळीत झालाय. टायपिस्टबाईने भिंगातून पाहिला आणि तिचा चहा तसाच निवला. मी म्हटलं, या वयात एवढ्या तरी रेघा कमी झाल्या, बरंच आहे की.

तुझं ऐकून काल टायपिस्टबाईला घेऊन कंपनीत गेले, काम सोडते म्हणून सांगायला. दार उघडंच होतं. चाळीस खुर्च्या, माझ्या खोळी घातलेल्या, समोर कोणी नाही. पण प्रत्येक खोळीची पाठ दबलेली, माणूस टेकून बसल्यासारखी. टेबलावर माझा कागद होता, खाली सही. माझ्याच नावाची, असं टायपिस्टबाई म्हणते. वळणदार, देखणी. मी केलेली नाही. पण घरी येऊन हात धुतले, तर बोटांची शाई निघेना.

पैसे जमा झालेत. काढायला गेले, तर बँकही आता सहीच मागते. आणि भाजी चिरता चिरता माझा हात सुरीने पाटावर काहीतरी लिहितो. काय लिहितो ते टायपिस्टबाई मला सांगत नाही.

हे सगळं मी गमतीत सांगते आहे असंच धर. पण रविवारी ये. शनिवारी आलीस तर आणखी बरं.

तुझी आजी
(आज नुसती शेळी.)

ता. १९ मार्च

प्रति,
नात यांस,

आपले पत्र पोचले. प्रस्तुत पत्र मी स्वहस्ते लिहीत आहे. टायपिस्टबाईंची यापुढे आवश्यकता नाही. प्रकृती समाधानकारक आहे.

आपण रविवारी जरूर यावे. एक्केचाळिसावी खुर्ची तयार असून तिची खोळ मी आपल्या मापाची शिवली आहे. येताना सहीचा नमुना आणावा. अंगठा चालणार नाही.

लोभ नियमानुसार चालू ठेवण्यात येईल.

आपली,
आजी
(सही)

ता. क. कागदाच्या कोपऱ्यात शेळी आढळल्यास तिकडे लक्ष देऊ नये. ती पुन्हा पुन्हा उमटते. काढून टाकण्याचे काम चालू आहे.